हातमागापासून मोटारीपर्यंत

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह एवढेच आपल्या मुलांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. परीक्षेतही प्रश्न त्यांवरच येतात, त्यामुळे त्यात मुलांचा दोष नाही. परंतु ज्या माणसांनी माग चालवले, लोखंड ओतले, यंत्राला तेल घातले आणि रात्री दिव्याखाली बसून त्या यंत्रात सुधारणा केल्या, त्यांचाही इतिहास असतो. आपल्या समाजातील किती घरे हुन्नरावर उभी आहेत हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. मालेगाव-भिवंडीचे यंत्रमाग असोत, मुंबईतील लेथ मशीनची दुकाने असोत, की हमरस्त्यावरची गॅरेजे असोत, तेथे आपलीच माणसे दिसतात. मुसलमानांमध्ये स्वयंरोजगारावर आणि कारागिरीवर जगणाऱ्यांचे प्रमाण मोठे आहे, असे सच्चर समितीने २००६ सालच्या आपल्या अहवालात नोंदवले. तेव्हा हुन्नरी माणसांचा इतिहास हा आपल्या घरचाच विषय आहे.

आपल्या सभांमधून अल्-जझारीचे नाव नेहमी घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. या थोर यंत्रकाराने इ. स. १२०६ च्या सुमारास दियारबकर येथे आपला प्रसिद्ध ग्रंथ पुरा केला. पाणी उपसण्याची यंत्रे, घटिकायंत्रे, स्वयंचलित बाहुल्या यांची वर्णने त्यात आकृत्यांसह दिली आहेत. पण त्या ग्रंथाचे खरे मोल मला वेगळ्याच ठिकाणी दिसते. दुसऱ्या कारागिराला वाचून ते यंत्र बनवता यावे, अशा रीतीने त्याने ते लिहिले. आपला हुन्नर त्याने मुठीत झाकून ठेवला नाही. आपल्याकडे मात्र कितीतरी उस्ताद आपली कला बरोबर घेऊनच कबरीत गेले. ही गोष्ट मनात ठेवून पुढचा इतिहास वाचावा, अशी माझी विनंती आहे.

आज मला एक प्रश्न तुमच्यापुढे ठेवायचा आहे. एखादे नवे यंत्र किंवा नवी पद्धत मोठ्या कारखान्यात येते, पण त्या कारखान्याला माल पुरवणाऱ्या लहान शेडमध्ये ती वर्षानुवर्षे पोहोचत नाही, असे का होते? आणि जेथे ती पोहोचली, तेथे ती कशी पोहोचली? या प्रश्नाचे उत्तर जपानमधील एका उद्योगघराण्याच्या इतिहासात चांगले सापडते. हे घराणे आज मोटारींमुळे जगाला ठाऊक आहे. पण त्याची सुरुवात विणकराच्या मागापासून झाली.

सुताराचा मुलगा

साकिची तोयोदा याचा जन्म १८६७ साली जपानमधील एका लहान खेड्यात झाला. वडील सुतारकाम करीत. गावातील बायका दिवसभर हातमागावर बसून कापड विणत. एका हाताने धोटा फेकायचा, दुसऱ्या हाताने झेलायचा आणि मग फणी ओढून धागा ठोकायचा. दिवसाच्या शेवटी कापड मात्र थोडेच निघे. या मुलाने ते कष्ट पाहिले आणि माग सुधारण्याचा ध्यास घेतला. १८९० साली टोकियोत मोठे औद्योगिक प्रदर्शन भरले होते. साकिची तेथे जाऊन यंत्रे पाहत बसे. त्याच वर्षी त्याने एका हाताने चालणारा लाकडी माग तयार केला आणि १८९१ साली त्याचे पेटंट घेतले. जुन्या मागापेक्षा त्यावर जवळजवळ दीडपट काम होई.

पुढे १८९६ मध्ये त्याने वाफेच्या शक्तीवर चालणारा माग बनवला. या मागात एक साधी पण फार महत्त्वाची सोय होती. बाणा, म्हणजे आडवा धागा, तुटला की माग आपोआप थांबे. यंत्रमागाच्या पेठेत राहणाऱ्या वाचकांना याचे महत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही. धागा तुटल्यावरही माग चालूच राहिला तर कापडात दोष येतो, आणि तो दोष येऊ नये म्हणून माणसाला डोळ्यांत तेल घालून उभे राहावे लागते. साकिचीने ते पहाऱ्याचे काम यंत्राकडे सोपवले. त्यामुळे एक माणूस तीनचार माग सांभाळू लागला. चूक झाली की यंत्राने स्वतः थांबले पाहिजे, हा विचार येथे जन्माला आला आणि पुढे शंभर वर्षे त्या घराण्याच्या प्रत्येक कारखान्यात तो टिकून राहिला.

सूत आणि माग

पण मित्रहो, चांगला माग बनवला म्हणजे चांगले कापड निघतेच असे नाही. येथूनच आपल्या विषयाचा धागा सुरू होतो. विसाव्या शतकाच्या आरंभी साकिचीने आपोआप धोटा बदलणारा माग बनवला. तो एका मोठ्या गिरणीत लावून पाहिला, तेव्हा अपेक्षेप्रमाणे चालला नाही. अशा मागाला सूत मजबूत आणि एकसारखे लागते. सूत कच्चे असेल तर ते सारखे तुटते, माग सारखा थांबतो आणि सगळा दोष यंत्राच्या माथी मारला जातो. दुसरी अडचण भागांची होती. सुताराच्या अंदाजाने केलेला भाग एका मागाला बसतो, पण दुसऱ्याला बसत नाही.

साकिचीने दोन्ही गोष्टींवर उपाय केले. १९०७ च्या सुमारास चार्ल्स फ्रान्सिस या अमेरिकन अभियंत्याच्या मदतीने कारखान्यात मोजमापाची शिस्त आणली गेली. एका मागाचा भाग दुसऱ्या मागाला बसलाच पाहिजे, असा नियम झाला. १९११ मध्ये साकिचीने स्वतःची विणकामाची गिरणी काढली, आणि चांगले सूत बाहेर मिळेना म्हणून १९१४ पासून सूतकताईही सुरू केली. म्हणजे माग बनवणारा, माग वापरणारा आणि सूत पुरवणारा हे तिघे एकाच अंगणात आले. माग बिघडला की कोणाचे चुकले हे भांडून ठरवावे लागत नसे. उठून जाऊन पाहता येत असे.

या दीर्घ परिश्रमाचे फळ १९२४ साली मिळाले. त्या वर्षी तयार झालेला जी नमुन्याचा स्वयंचलित माग धावता धावता, वेग कमी न करता, रिकामा धोटा काढून भरलेला धोटा बसवी. एक कामगार असे तीस किंवा अधिक माग सांभाळू शके. १९२६ मध्ये कारिया या गावी मागांचा मोठा कारखाना निघाला. १९२९ मध्ये इंग्लंडमधील ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीने या मागाचे हक्क घेण्यासाठी एक लाख पौंडांचा करार केला. हे प्लॅट ब्रदर्स म्हणजे कोण? आपल्या मुंबईच्या गिरण्यांत ज्या लँकेशायरची यंत्रे घरघरत होती, त्या लँकेशायरमधील यंत्र बनवणारी सर्वांत नावाजलेली कंपनी! जिच्याकडून अर्ध्या जगाने यंत्रे घेतली, तिने एका सुताराच्या मुलाकडून त्याची विद्या विकत घेतली. दुसऱ्याच वर्षी, १९३० मध्ये, साकिचीचे निधन झाले.

मोटार आणि तिचे भाग

साकिचीचा मुलगा किइचिरो हा टोकियोच्या विद्यापीठातून यंत्रशास्त्र शिकून आलेला अभियंता होता. बापाचा हुन्नर आणि मुलाचे शिक्षण यांचा येथे संगम झाला. पालकांनी हे वाक्य जरा थांबून वाचावे. १९३३ साली त्याने मागाच्या कारखान्यातच मोटारीचा विभाग उघडला, १९३५ मध्ये पहिला ट्रक बाजारात आणला आणि १९३७ मध्ये टोयोटा मोटर कंपनी वेगळी स्थापन केली. 'तोयोदा' या आडनावाचेच 'टोयोटा' हे रूप आहे.

मोटार ही मागापेक्षा फार गुंतागुंतीची वस्तू. तिचे हजारो भाग असतात आणि ते सगळे कोणताही एक कारखानदार स्वतः बनवू शकत नाही. किइचिरोच्या आसपास होती ती लहान लहान लोहारकामाची आणि ओतकामाची दुकाने. त्यांच्या मालाचा दर्जा बेताचा होता. पहिले ट्रक रस्त्यात वारंवार बंद पडत. अशा वेळी व्यापारी मनुष्य काय करील? एका पुरवठादाराला सोडील आणि दुसऱ्याला धरील, दुसऱ्याला सोडून तिसऱ्याकडे जाईल, आणि प्रत्येक वेळी भाव पाडील. टोयोटाने वेगळा मार्ग धरला. १९३९ साली कंपनीने खरेदीचे नियम लिहून काढले. एकदा एखादा पुरवठादार निवडला की त्याला आपल्याच कारखान्याची शाखा समजावे, त्याला वरचेवर बदलू नये, आणि त्याचे काम सुधारण्यासाठी आपण मदत करावी, असा त्या नियमांचा आशय होता.

त्याच सुमारास पुरवठादारांच्या बैठका होऊ लागल्या आणि १९४३ मध्ये त्यांची 'क्योहोकाई' ही संघटना स्थापन झाली. एकमेकांची ओळख व्हावी, अडचणी मांडता याव्यात आणि नवी माहिती सर्वांना मिळावी, हे तिचे काम.

महायुद्धानंतर हा उद्योग बुडण्याच्या बेतात आला. १९४९ नंतर जपानमध्ये पैशाची टंचाई झाली. तयार गाड्या विकल्या जाईनात. १९५० साली संप झाला, सुमारे दोन हजार कामगारांना घरी जावे लागले आणि किइचिरोने जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला. दोन वर्षांनी तो वारला. पण याच कडू काळात पुढच्या सुधारणांची बीजे पडली. विजेचे भाग बनवणारा विभाग १९४९ मध्ये वेगळा होऊन निप्पॉन डेन्सो ही स्वतंत्र कंपनी झाली. तिने १९५३ मध्ये जर्मनीच्या बॉश कंपनीशी तांत्रिक करार केला. १९५२-५३ मध्ये आइची प्रांताच्या सरकारने तज्ज्ञांकडून टोयोटाची आणि तिच्या पुरवठादारांची एकत्र तपासणी करवून घेतली. जसा हकीम घरातल्या सगळ्यांची नाडी पाहतो, तशी ही तपासणी होती. यंत्रे कशी मांडली आहेत, माल कोठे पडून राहतो, हिशेब कसा ठेवला जातो, हे सर्व पाहून सूचना देण्यात आल्या.

पाटीची पद्धत

आता ताइइची ओनो या माणसाची ओळख करून घेऊ. हा १९३२ साली तोयोदांच्या सूतगिरणीत लागला आणि १९४३ मध्ये मोटारीच्या कारखान्यात आला. गिरणीत एक बाई अनेक माग सांभाळते, मग येथे एक माणूस एकाच लेथपाशी का उभा, असा प्रश्न त्याला पडला. मागाची शिकवण त्याने मोटारीला लावली. पुढे अमेरिकेतील स्वयंसेवा दुकानांची पद्धत त्याच्या मनात भरली. गिऱ्हाईक फळीवरून हवी तेवढीच वस्तू उचलते, आणि जेवढी जागा रिकामी होते तेवढाच माल दुकानदार पुन्हा मांडतो. कारखान्यात असे का करू नये?

यातून 'कानबान' निघाले. कानबान म्हणजे पाटी किंवा फलक. भागांच्या प्रत्येक पेटीला एक कार्ड लावलेले असते. भागाचे नाव, नग किती, कोठून आला, कोठे जायचा, हे त्यावर लिहिलेले असते. पेटीतील भाग वापरायला घेतले की कार्ड मागे जाते, आणि कार्ड आले तरच नवा माल बनतो. कार्ड नाही तर माल नाही. यामुळे माल गोदामात गंजत पडत नाही आणि त्यात पैसाही अडकत नाही. १९५० नंतरच्या दशकात एका विभागात सुरू झालेली ही पद्धत १९६३ पर्यंत सर्व कंपनीत आणि १९६५ पासून बाहेरच्या पुरवठादारांपर्यंत नेण्यात आली.

वाचायला हे फार सोपे वाटते. करणे मात्र कठीण होते, आणि ते का कठीण होते हे समजून घेतले पाहिजे. समजा, तुमचे पत्रा दाबण्याचे प्रेस मशीन आहे. एक डाय काढून दुसरी बसवायला दोनतीन तास लागतात. मग तुम्ही काय कराल? एकदा डाय बसवली की महिनाभराचे नग काढून ठेवाल. आता मोठ्या कारखान्याने सांगितले की रोज चार प्रकारचे थोडेथोडे नग पाठवा, तर तुम्ही महिन्याचा माल स्वतःच्या शेडमध्ये रचाल आणि त्यातून रोज थोडा पाठवाल. मोठ्याचे गोदाम रिकामे झाले खरे, पण ते तुमच्या अंगणात आले! भांडवल तुमचे अडकले, भाडे तुमचे गेले. याला सहकार्य म्हणत नाहीत. हे दुसऱ्याच्या खांद्यावर ओझे टाकणे झाले.

म्हणून खरी सुधारणा डाय बदलण्यात करावी लागली. टोयोटाने हे काम आधी आपल्या घरात केले. दोनतीन तासांचे काम १९६० नंतर सुमारे पंधरा मिनिटांवर आणि १९७० च्या सुमारास तीन मिनिटांवर आणले. त्यात महागड्या यंत्राची जादू थोडी आणि विचार जास्त होता. पुढची डाय यंत्र चालू असतानाच तयार ठेवायची, बोल्टांची संख्या कमी करायची, उंची सारखी करून ठेवायची म्हणजे जुळवाजुळव करावी लागत नाही. ही युक्ती पुरवठादाराला शिकवल्यावरच पाटीची पद्धत त्याच्या दाराशी नेता आली. १९७० साली ओनोने यासाठी एक खास विभाग काढला. या विभागाचे अभियंते पुरवठादाराच्या शेडवर जाऊन, कामगारांबरोबर उभे राहून, बदल करून दाखवीत. याची फी घेत नसत. मात्र एक अट होती: तुम्ही शिकलात, आता तुमच्या कारखान्याचे दार दुसऱ्यालाही उघडे ठेवा. पुढे पुरवठादारांचे अभ्यासगट निघाले. एका गटातले लोक आळीपाळीने एकमेकांच्या कारखान्यात जात आणि चुका दाखवीत. एकाच धंद्यातले प्रतिस्पर्धी एका गटात घालायचे नाहीत, हे पथ्य पाळले जाई, म्हणजे कोणाला भीती वाटत नसे.

आणखी एक गंमत सांगतो. एडवर्ड्स डेमिंग या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने १९५० साली जपानमध्ये गुणवत्तेवर व्याख्याने दिली, आणि १९५१ पासून त्याच्या नावाने पारितोषिक सुरू झाले. हे पारितोषिक निप्पॉन डेन्सोने १९६१ मध्ये मिळवले आणि टोयोटाने १९६५ मध्ये. म्हणजे माल पुरवणारा माल घेणाऱ्याच्या चार वर्षे पुढे होता! तेव्हा शिकवणे हे नेहमी वरूनच खाली येते असे समजू नका.

याच डेन्सोच्या कारखान्यात पाट्यांवर आधी पट्ट्यापट्ट्यांचा बारकोड छापत. त्यात मजकूर फार थोडा मावे आणि कामगारांना एकाच पेटीवरचे अनेक कोड वाचावे लागत. यावर उपाय म्हणून मासाहिरो हारा आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये चौकोनी क्यूआर कोड तयार केला, आणि कंपनीने तो सर्वांना मोकळेपणाने वापरू दिला. आज भाजीवाल्याच्या गाडीवर आणि चहाच्या टपरीवर आपण मोबाइल रोखून पैसे देतो, तो चौकोन मोटारीच्या भागांची मोजदाद करण्यासाठी जन्मला. विद्यार्थ्यांनो, लहान पुरवठादाराची अडचण सुटली की जगाची कशी सोय होते, याचे हे उदाहरण लक्षात ठेवा.

आगीची परीक्षा

नात्याची पारख संकटात होते. १ फेब्रुवारी १९९७ रोजी पहाटे कारिया येथे आइसिन सेकी या पुरवठादाराच्या कारखान्याला आग लागली. तेथे ब्रेकचा दाब सांभाळणारी एक छोटी झडप तयार होई. टोयोटाच्या जवळजवळ सगळ्या गाड्यांना ही झडप याच एका कारखान्यातून जाई, आणि पाटीच्या पद्धतीमुळे शिल्लक साठा काही तासांचाच होता. दोनतीन दिवसांत टोयोटाचे बहुतेक कारखाने बंद पडले. मुठीत मावणाऱ्या एका भागावाचून एवढा मोठा डोलारा थांबला.

मग जे घडले ते आजही उद्योगशास्त्राच्या वर्गात शिकवतात. आइसिनने आपले नकाशे आणि राहिलेली हत्यारे सर्वांना दिली. सुमारे दोनशे लहानमोठे कारखाने कामाला लागले. त्यांच्याकडे ही झडप बनवायची खास यंत्रे नव्हती. साध्या यंत्रांवर जुगाड करून त्यांनी भाग कातले. शिवणयंत्रे बनवणाऱ्या ब्रदर कंपनीने ज्या कामाचा अनुभव नव्हता तेही करून पाहिले. कोणाला किती मोबदला मिळणार, हे आधी ठरवत कोणी बसले नाही. साधारण आठवडाभरात मोटारी पुन्हा बाहेर पडू लागल्या. वर्षानुवर्षे एकमेकांच्या कारखान्यात जाण्याची सवय नसती, तर हे घडले असते का?

मात्र त्या आगीने दुसराही धडा दिला. सगळी भिस्त एकाच ठिकाणी ठेवणे आणि साठा अगदी संपवत आणणे धोक्याचे असते. विश्वास ठेवावा, पण उंटही बांधून ठेवावा.

दुसरी बाजू

इतिहास लिहिताना केवळ गुणगान करणे बरे नव्हे. या पद्धतीत सगळे सुखी होते असे मुळीच नाही. सातोशी कामाता या पत्रकाराने १९७२ साली टोयोटाच्या कारखान्यात हंगामी मजूर म्हणून काम केले आणि तेथील असह्य वेगाचे वर्णन दुसऱ्या वर्षी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. साखळीच्या अगदी टोकाला असलेल्या छोट्या दुकानांवर दर कमी करण्याचा दबाव असे. मोठे खरेदीदार पैसे लांबवीत, म्हणून जपान सरकारला १९५६ साली खास कायदा करून लहान पुरवठादारांचे पैसे वेळेवर देण्याचे बंधन घालावे लागले. म्हणजे सद्भावना पुरी पडत नाही. तिला कायद्याचा आधार लागतो. आपल्या देशातही २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघुउद्योगांचे पैसे ४५ दिवसांच्या आत देणे खरेदीदारावर बंधनकारक झाले. आपल्यातील किती कारखानदारांनी आपल्या उद्योगाची नोंदणी करून या तरतुदीचा फायदा घेतला, हे ज्याचे त्याने आपल्या मनाला विचारावे.

आपल्याकडे

या इतिहासाचा आपल्याशी संबंध काय? संबंध दोन ठिकाणी अगदी प्रत्यक्ष आहे. पहिला कृष्णाकाठचा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली सांगलीजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली आणि लोखंडी नांगर बनवले. त्याच घराण्यातील उद्योगाशी टोयोटा समूहाने १९९५ साली भागीदारी केली ती मोटारींसाठी नव्हे, तर सूत कातण्याच्या यंत्रांसाठी. मोटारींची टोयोटा किर्लोस्कर ही कंपनी त्यानंतर १९९७ मध्ये कर्नाटकात निघाली. जपानमध्ये जो क्रम होता तोच येथे आला: आधी कापडाची यंत्रे, मग मोटार. त्या कंपनीने २००७ साली बिडदीला एक निवासी तंत्रशाळा उघडली आणि दहावी झालेल्या गरीब मुलांना तीन वर्षांचे शिक्षण देण्यास सुरुवात केली. कारखान्याच्या आधी कारागीर घडवावा लागतो, हे त्यांना ठाऊक होते.

दुसरा संबंध आपल्या मागांचा. १८५७ च्या उठावानंतर उत्तरेकडून मोठ्या संख्येने आलेल्या विणकर कुटुंबांनी मालेगावात माग टाकले. पुढे हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली. मालेगाव आणि भिवंडीच्या अनेक शेडमध्ये मुंबईच्या गिरण्यांनी काढून टाकलेले जुने माग आले, आणि आपल्या जॉबरांनी ते अक्कलहुशारीने चालते ठेवले. ही कारागिरी लहान नव्हे. पण पुढचे पाऊल पडले नाही. १ एप्रिल २०१७ रोजी भिवंडीत केंद्र सरकारच्या 'पॉवरटेक्स इंडिया' योजनेचा प्रारंभ झाला. साध्या यंत्रमागाला धागा तुटताच माग थांबवणारे उपकरण आणि तत्सम भाग बसवण्यासाठी अनुदान देणे, हा त्या योजनेचा एक भाग होता. वाचकहो, साकिची तोयोदाने हीच सोय आपल्या मागाला १८९६ मध्ये केली होती! मध्ये एकशेवीस वर्षांहून अधिक काळ गेला.

हा काळ का गेला? आपला विणकर आळशी आहे किंवा त्याला अक्कल नाही, असे जो म्हणेल तो खोटे बोलेल. कारण वेगळे आहे. सूत देणारा व्यापारी एकीकडे, मजुरीवर विणणारा मागवाला दुसरीकडे, सायझिंगवाला तिसरीकडे आणि यंत्र दुरुस्त करणारा चौथीकडे, अशी आपली रचना आहे. कापडात दोष निघाला की व्यापारी मजुरीतून पैसे कापतो. मागवाला म्हणतो सूत कच्चे होते, सूतवाला म्हणतो माग जुना आहे, सायझिंगवाला म्हणतो माझा काय संबंध. चौघे एकत्र येऊन तो धागा कोठे तुटला हे कोणी पाहत नाही. ज्याला उद्याच्या कामाची खात्री नाही, तो नव्या यंत्रासाठी आज कर्ज कशाला काढील? आणि ज्याच्यावर व्यापाऱ्याचा विश्वास नाही, त्याला व्यापारी उद्याच्या कामाची खात्री तरी कशी देईल? या दोन प्रश्नांत आपला धंदा अडकून पडला आहे.

यातून सुटका एका दिवसात होणार नाही. परंतु सुरुवात कोठून करावी हे वरील इतिहासावरून दिसते. पहिली गोष्ट म्हणजे मोजून लिहून ठेवणे. आज किती धागे तुटले, कोणत्या सुतावर तुटले, माग किती वेळ बंद राहिला, ही नोंद एका वहीत रोज ठेवली तर महिन्याअखेरीस भांडणाऐवजी बोलणी करता येतात. ही वही नववी-दहावीतली तुमची मुलगी सहज ठेवू शकते. दुसरी गोष्ट म्हणजे चारपाच शेडवाल्यांनी महिन्यातून एकदा एकमेकांच्या शेडमध्ये जाऊन यंत्र पाहणे. आपल्याकडे जमात आहे, मोहल्ला आहे, पतपेढ्या आहेत. लग्न-मय्यतीला आपण धावून जातो. मग हुन्नराच्या कामासाठी एकत्र बसायला काय हरकत आहे? तिसरी गोष्ट म्हणजे वचन पाळणे. दिलेले माप पुरे, दिलेली तारीख खरी आणि चूक झाली तर ती लपवायची नाही. अमानतीचे आणि मापाचे महत्त्व आपल्याला लहानपणापासून शिकवले जाते. ज्या टोयोटाची आपण वाहवा करतो, तिचा अर्धा इतिहास या साध्या व्यवहाराचाच आहे.

आणि चौथी गोष्ट पालकांसाठी. मुलगा आठवीत गेला की त्याला शाळेतून काढून मागावर उभे करू नका. घरची ओढ मला ठाऊक आहे, आणि मागाच्या कामाला मी कमी लेखत नाही. पण साकिचीजवळ हुन्नर होता आणि त्याने मुलाला अभियंता केले, म्हणून माग मोटारीपर्यंत पोहोचला. हुन्नराला शिक्षणाची जोड मिळाली नसती तर तो घराणेदार विणकर म्हणून नावाजला असता, आणि तेथेच थांबला असता. दहावी पुरी करू द्या. मग आयटीआय असो, पॉलिटेक्निक असो, पदविका असो. मुलगा असो की मुलगी असो. सुट्टीत त्याला शेडवर अवश्य न्या, हातांना तेल लागू द्या. मात्र त्याने तेथे येताना वही आणि प्रश्न घेऊन यावे.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला एक काम देतो. येत्या सुट्टीत आपल्या वडिलांच्या, मामांच्या किंवा शेजाऱ्यांच्या कारखान्यात जा. एका यंत्रासमोर तासभर उभे राहा. ते किती वेळा थांबले, का थांबले आणि कोणी चालू केले, हे लिहून काढा. त्यातील एक तरी कारण दूर कसे करता येईल याचा विचार करा, आणि तुमचा उपाय आपल्या विज्ञान शिक्षकांना दाखवा. पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत मोठ्यांच्या भाषणांबरोबर अशी दहा निरीक्षणे छापून आली, तर या संस्थेच्या कामाचे चीज झाले असे मी समजेन.